गाठोडं कुणाच्या पाठीवर?

मे महिना जवळ आला की आमच्या शेजारपाजारी एकच लगबग सुरू होते. कुणी हिमालयात निघालेलं असतं, कुणी हरिश्चंद्रगडावर, तर कुणी आपलं घरच्यांना घेऊन माथेरानला. मग याद्या होतात. टॉर्च घेतला का, रेनकोट घेतला का, औषधांचा डबा, सुकामेवा, दोन जोड्या पायमोजे. मला मात्र कुणी विचारत नाही. विचारलंच तर हसून म्हणतात, ‘‘चाचा, तुम्हाला काय, एक वही आणि एक पेन दिलं की झालं!’’

कवी माणसाबद्दल असा गैरसमज असतोच. मला मात्र या याद्या वाचायला फार आवडतात. राजाच्या पदव्यांवरून राजा कळत नाही, पण त्याच्या सामानावरून कळतो. डोंगरात तर नक्कीच. सपाटीवर माणूस गाडीभर पसारा ओढत नेऊ शकतो. चढ लागला की प्रत्येक वस्तूला जाब द्यावा लागतो : तू कशासाठी आलीस? आणि त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो : तुला वाहणार कोण? आज मला या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. पहिल्याचं उत्तर दुकानदारही देतो.

सुरुवात जरा लांबून करू. मोरोक्कोचा इब्न बतूता हा चौदाव्या शतकातला मोठा प्रवासी. १३३३ मध्ये तो हिंदुकुश ओलांडून हिंदुस्थानकडे आला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सिंधू नदीपाशी पोचला. डोंगर चढण्याआधी तो कुंदुझच्या परिसरात सुमारे चाळीस दिवस थांबला होता. उंट-घोड्यांना चारा मिळावा हे एक कारण. बर्फाची भीती हे दुसरं. घाट ओलांडताना त्याच्या काफिल्याने एक युक्ती केली. उंटांच्या पुढे जाड लोकरी नमदे अंथरायचे, उंटांनी त्यावरून चालायचं, म्हणजे त्यांचे पाय भुसभुशीत बर्फात रुतत नाहीत. आजच्या बर्फात चालण्याच्या पसरट जोड्यांमागे हेच तत्त्व आहे. वजन मोठ्या जागेवर पसरलं की पाय कमी रुततो.

पण त्याच प्रवासवर्णनात, त्याच डोंगराबद्दल, तो आणखी एक गोष्ट सांगतो. हिंदुकुश म्हणजे हिंदूंना मारणारा, असा त्या नावाचा अर्थ तो देतो. हिंदुस्थानातून गुलाम म्हणून नेलेली मुलंमुली इथल्या थंडीने आणि बर्फाने मोठ्या संख्येने मरतात, म्हणून हे नाव पडलं, असं त्याचं म्हणणं. इथे ‘हिंदू’ म्हणजे हिंदुस्थानातली माणसं. भाषातज्ज्ञ या व्युत्पत्तीवर वाद घालोत. मला त्या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. उंटाच्या पायाखाली नमदा होता. विकायला नेलेल्या पोरांच्या अंगावर पुरेसं पांघरूण नव्हतं. डोंगर दोघांसाठी एकच होता, थंडीही तीच होती. फरक यादीत होता.

आता याच भागातली, पावणेदोनशे वर्षांनंतरची गोष्ट. १५०६-०७ चा हिवाळा. बाबर तेव्हा काबूलचा राजा होता, वय तेवीस-चोवीस. हिंदुस्थानची बादशाही अजून वीस वर्षं दूर होती. हेरातहून काबूलला परतताना त्याने डोंगरातली जवळची वाट धरली. वाटाड्या चुकला. बर्फ इतका, की पुढच्या दहा-पंधरा माणसांनी तो पायांनी तुडवत वाट करायची, ती थकली की दुसऱ्यांनी पुढे व्हायचं. मागून घोडे ओढत आणायचे. दिवसभरात एक-दीड कोस चाल झाली तरी पुष्कळ, अशी अवस्था.

एका रात्री वादळात ते एका गुहेपाशी पोचले. गुहा लहान दिसत होती. लोक म्हणाले, हुजूर, आपण आत चला. बाबराने नकार दिला. आपली माणसं बर्फात आणि आपण आत ऊबेत झोपायचं, हे माणुसकीला धरून नाही, असं त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. मग त्याने एक फावडं घेतलं आणि गुहेच्या तोंडाशी जेमतेम बसण्यापुरता खड्डा खणला. छातीइतकं खणूनही जमीन लागली नाही. त्या खड्ड्यात तो बसून राहिला. पाठीवर, डोक्यावर, कानांवर चार बोटं बर्फ साचला. नंतर कुणीतरी गुहा नीट तपासली, तर ती आत भलीमोठी निघाली. मग सगळेच आत गेले आणि ज्याच्याजवळ जे खायला होतं ते सगळ्यांनी मिळून खाल्लं.

बाबराबद्दल ज्याने त्याने आपापलं मत ठेवावं. त्या रात्री त्याच्या सामानातली सर्वांत किमती वस्तू त्याचं फावडं होती, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने चालवलं, इतकंच मी म्हणतो.

आता आपल्या सह्याद्रीत येऊ. आपला डोंगर हिमालयाइतका उंच नाही, पण पावसाळ्यात तो भल्याभल्यांची परीक्षा घेतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. या पावसावर इथल्या माणसाने शोधलेलं उत्तर म्हणजे घोंगडं. दख्खनी मेंढीची लोकर, सणगराचा माग आणि चिंचोक्याची खळ. ही खळ दिली की घोंगडं ताठ होतं आणि पावसाचं पाणी पटकन आत शिरत नाही. डोक्यावरून खोळ घेतली की तो रेनकोट, जमिनीवर टाकलं की अंथरूण, अंगावर घेतलं की पांघरूण आणि पाहुणा आला की बैठक. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरून ठेवते, हा तिचा मोठा गुण. मात्र एकदा का ती पुरती भिजली की जड होते आणि लवकर वाळत नाही. ‘भिजत घोंगडं’ हा शब्दप्रयोग कचेरीत बसून सुचलेला नाही, तो डोंगरात पाठीवर वागवून कळलेला आहे.

घोंगडं, काठी, कोयता, चकमक, फडक्यात बांधलेली नाचणीची भाकरी, कांदा आणि चटणी. घाटमाथ्यावरच्या माणसाची यादी पिढ्यान् पिढ्या एवढीच होती. यातली एकही वस्तू दुसऱ्याच्या पाठीवर द्यावी लागत नाही, ही त्या यादीची खूण.

या हलक्या यादीपुढे जड यादीचं काय होतं, ते आपल्या इतिहासात एकदा लख्ख दिसलं. फेब्रुवारी १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखान मोठी फौज आणि त्याहून मोठं सामान घेऊन लोणावळ्याच्या बाजूने कोकणात उतरत होता. उंबरखिंडीच्या अरुंद, दाट जंगलातल्या वाटेत शिवाजी महाराजांच्या माणसांनी त्याला दोन्हीकडून कोंडलं. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. पाण्यासाठी जीव कासावीस झाले. शेवटी खंडणी कबूल करून, सामान तिथेच टाकून त्याला जीव वाचवावा लागला. ही लढाई शौर्याची म्हणून शिकवली जाते, तशी ती आहेच. मी ती सामानाची गोष्ट म्हणूनही वाचतो. मैदानात जे वैभव वाटतं, ते खिंडीत बूच होऊन बसतं. हा धडा मोगलांनी पुढेही घेतला नाही. १६९५ मध्ये गलगल्याला औरंगजेबाची छावणी पाहणाऱ्या जेमेली करेरी या इटालियन प्रवाशाने तिचा घेर तीस मैलांचा सांगितला आहे. एवढं शहर पाठीवर घेऊन डोंगरातल्या किल्ल्यांचा पाठलाग कसा व्हायचा?

एकोणिसाव्या शतकात डोंगरातल्या सामानाचा एक विलक्षण अध्याय घडला. इंग्रजांना हिमालयापलीकडचे नकाशे हवे होते, पण तिकडे युरोपियन माणसाच्या जिवाची खात्री नव्हती. १८५७ मध्ये अडोल्फ श्लागिन्टवाइट या जर्मन संशोधकाचा काशगरला शिरच्छेद झाला होता. तेव्हा सर्वेक्षण खात्यातल्या कॅप्टन मॉन्टगोमेरी यांनी ठरवलं, की हिंदी माणसांना शिकवून पाठवायचं. पहिला गेला महंमद-इ-हमीद नावाचा मुनशी. १८६३ मध्ये तो लडाखमधून यारकंदला पोचला. बरोबर खिशात मावेल असा सेक्स्टंट, होकायंत्रं, तापमापक, दोन साधी चांदीची घड्याळं आणि पाणी उकळायला तांब्याचं भांडं. तिथे सगळा हिवाळा काढून त्याने नोंदी केल्या. १८६४ मध्ये परतीच्या वाटेवर, लेहला पोचण्याआधीच तो मरण पावला. त्याची टिपणं तेवढी परत आली आणि यारकंद नकाशावर आपल्या जागी बसलं.

त्याच्यानंतर गेले कुमाऊंमधल्या मिलम गावचे शाळामास्तर नैनसिंग रावत. डेहराडूनला त्यांनी अशी तालीम घेतली, की चढ असो वा उतार, पाऊल सारख्याच अंतराचं पडावं. सुमारे दोन हजार पावलांचा एक मैल. जपमाळेत १०८ मणी असतात, नैनसिंगांच्या माळेत शंभरच होते. शंभर पावलं झाली की एक मणी ओढायचा. पूर्ण माळ म्हणजे दहा हजार पावलं, पाच मैल. हातातल्या प्रार्थनाचक्रात मंत्रांऐवजी कागदाच्या नोंदी. कवड्यांमध्ये पारा. पेटीला चोरकप्पे. १८६५ मध्ये निघालेले नैनसिंग जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोचले आणि उकळत्या पाण्यात तापमापक घालून त्यांनी त्या शहराची उंची काढली. जितकं उंच जावं तितकं पाणी कमी तापमानाला उकळतं, साधारण तीनशे मीटरला एक अंश सेल्सियसचा फरक. डोंगरात वरण का शिजत नाही, याचं उत्तर आणि ल्हासाची उंची, दोन्ही एकाच पातेल्यातून निघतात.

१८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने नैनसिंगांना सुवर्णपदक दिलं. महंमद-इ-हमीद हे नाव मात्र थोड्या अभ्यासकांपलीकडे फारसं कुणाला आठवत नाही. पण या दोघांमध्ये एक साम्य आहे. ज्ञान दुसऱ्याच्या उपयोगाचं असलं तरी ओझं त्यांनी स्वतः वाहिलं आणि मोजमापही स्वतः केलं.

विसाव्या शतकात हे चित्र बदललं. शिखरं सर करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि सामान व सामानाचा मालक यांची फारकत झाली. मालक पुढे, सामान मागे, दुसऱ्याच्या पाठीवर. ७ जून १९२२ रोजी एव्हरेस्टच्या ब्रिटिश मोहिमेत हिमकडा कोसळून सात हमाल गेले. एव्हरेस्टच्या मोहिमांमधली हिमकड्याखालची ती पहिली मनुष्यहानी. दोन वर्षांनी मॅलरी आणि अर्व्हिन शिखराच्या वाटेवर नाहीसे झाले. मॅलरी यांचा देह १९९९ मध्ये सापडला. अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे थरावर थर, वरून गॅबर्डीन, पायांत खिळ्यांचे बूट. खिशात गॉगल, चाकू, काड्यापेटी आणि काही पत्रं. २०२४ मध्ये अर्व्हिन यांचा असल्याचं मानलं जाणारं एक पाऊल बुटासकट मिळालं. पायमोज्यावर त्यांच्या नावाची लाल अक्षरांची पट्टी शिवलेली होती. शंभर वर्षं बर्फात राहूनही ते नाव वाचता आलं.

हे वाचलं तेव्हा मला आधी त्या शिवणाऱ्या हातांचं कौतुक वाटलं. मग मनात आलं, १९२२ च्या त्या सात जणांच्या पायमोज्यांवर कुणी नाव शिवलं असेल का?

बुटांचंच घ्या. १९५३ च्या मे महिन्यातली ती शेवटची सकाळ. हिलरी जागे झाले तर त्यांचे काढून ठेवलेले बूट गोठून दगड झालेले. स्टोव्हवर धरून ते मऊ करण्यात दोनेक तास गेले. तेनसिंग यांनी बूट पायांतच ठेवले होते. डोंगरात वाढलेल्या माणसाला जे ठाऊक असतं ते यादीत लिहिलेलं नसतं. त्या मोहिमेत सामान वाहायला साडेतीनशेच्या आसपास हमाल लागले होते. त्या साडेतीनशेंच्या पाठींवरून ते दोघे वर गेले, आणि त्या दोघांपैकी एक जण कधीकाळी स्वतः असाच हमाल होता, ही त्या विजयातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट.

पण पुढच्याच वर्षी केटू शिखरावर जे घडलं ते मला चैन पडू देत नाही. १९५४ ची इटालियन मोहीम. हुंझा भागातला अमीर महदी हा हमाल तिच्यात होता. मजबूत गडी. आदल्या वर्षी नंगा पर्बतवरून जखमी पायांच्या हरमन बूल यांना खाली आणणाऱ्यांत तो होता. ३० जुलैला महदी आणि तरुण गिर्यारोहक वॉल्टर बोनात्ती प्राणवायूच्या जड नळकांड्या घेऊन वरच्या तंबूकडे निघाले. तंबू ठरल्या जागी नव्हता, तो आणखी वर हलवलेला होता. अंधार पडला. सुमारे ८,१०० मीटर उंचीवर, तंबू नाही, झोपायची पिशवी नाही, अशा स्थितीत दोघांनी उघड्यावर रात्र काढली. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला, वरच्या दोघा इटालियनांनी त्याच नळकांड्या घेऊन शिखर गाठलं. जगभर जयजयकार झाला.

महदी जिवंत परतला, पण पायांची सगळी बोटं गमावून. इतरांना दिलेले उंचीवरचे खास बूट त्याला मिळालेच नव्हते. साधे लष्करी बूट होते, आणि तेही त्याच्या पायाला लहान. आखूड बुटात रक्त खेळत नाही, बोटं हलत नाहीत, आणि थंडी आधी तिथेच शिरते. मोहिमेच्या यादीत टनावारी सामान होतं. एका माणसाच्या मापाचा एक जोड नव्हता. त्या रात्रीच्या हकिगतीवर पुढे पन्नास वर्षं वाद चालला. अखेर २००८ मध्ये इटालियन आल्पाइन क्लबने बोनात्ती यांचं म्हणणं मान्य केलं. महदी त्याआधीच, १९९९ मध्ये, हे जग सोडून गेला होता.

ओझं वाहणाऱ्यांनी आपली बाजू क्वचितच लिहिली. लेहचा गुलाम रसूल गलवान हा त्याला अपवाद. पोरवयापासून साहेबांच्या काफिल्यांबरोबर हिंडलेल्या या माणसाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत आपली जीवनकथा लिहिली. ती १९२३ मध्ये प्रसिद्ध झाली. गलवान नदी त्याच्या नावाची. त्या नदीचं नाव २०२० मध्ये घराघरांत पोचलं, त्या माणसाचं मात्र अजून पोचायचं आहे.

माझ्या घरातही एक ओझं होतं. माझे आजोबा पखाली. विहिरीचं पाणी मशकीत भरून टेकडीवरच्या वस्तीला पोचवायचे. मशक पाठीला चिकटलेली, पट्टा कपाळाला घट्ट बसलेला, आणि मान कायम वाकलेली. ते म्हणायचे, ओझ्याची दोन वजनं असतात, एक तराजूतलं आणि एक चढावरचं. तराजूतलं मालकाला कळतं, चढावरचं फक्त वाहणाऱ्याला. मी कविता लिहू लागलो तेव्हा मला वाटायचं, हे वाक्य माझ्या सगळ्या वह्यांपेक्षा जड आहे.

हे सगळं जुनं झालं, असं कुणी म्हणेल. मग माथेरानला चला. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढून गेले आणि पुढे त्याचं थंड हवेचं ठिकाण झालं. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून आणि जिद्दीतून नेरळहून तिथे छोटी आगगाडी गेली. पण दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारींना बंदी. ती बंदी चांगलीच, तिच्यामुळे माथेरानची हवा आणि झाडी टिकली. मात्र तिथून पुढे आपल्या बॅगा घोड्यावर जातात किंवा माणसाच्या डोक्यावर. आणि माणसं? ती कित्येक वर्षं हातरिक्षात बसून जात होती, लाल मातीच्या चढावर दुसरी माणसं ती ओढत होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचं पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. त्यातला दुसरा भाग मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. पाठीवरचं ओझं काढून घेताना पोटातली भाकरी काढून घेतली, तर तो न्याय अर्धाच राहील.

म्हणून तुम्ही यंदा डोंगरात निघालात, तर यादी जरूर करा. लोकरीचं काहीतरी घ्या, कोरडे पायमोजे वेगळ्या पिशवीत बांधा, नव्या बुटांची घडी आठ-पंधरा दिवस आधी मोडा, पाणी आणि चार घास जास्तीचे ठेवा. भरलेली पाठपिशवी एकदा घरातच पाठीवर घेऊन जिना चढून बघा. निम्मं सामान आपोआप बाहेर येतं, हा अनुभव आहे.

सामान दुसऱ्याला द्यायची वेळ आली, तर त्यात कमीपणा काही नाही. वयाप्रमाणे, प्रकृतीप्रमाणे मदत घ्यावी लागते आणि त्यावर डोंगरातली कितीतरी घरं चालतात. फक्त ओझं हवाली करण्याआधी त्या माणसाचं नाव विचारा. मग त्याच्या पायांकडे बघा. जोडे धड आहेत का, मापाचे आहेत का? रात्री त्याला पांघरायला काय आहे? तुमच्या सहलवाल्याला हे प्रश्न विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत आगाऊ रक्कम भरू नका. यादीत टॉर्चच्या वर, औषधांच्या वर, पहिल्याच ओळीत लिहा : हमालाचे बूट.